शंभर नावं

वैशाली एकेचाळिसाव्या नावाशी अडली होती.

मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती. त्यांच्या समासात तिने एक ते शंभर आकडे आधीच टाकून ठेवले होते. पहिली वीस-पंचवीस नावं भराभर उतरली. भाऊ, वहिनी, मावसबहिणी, माहेरच्या गल्लीतल्या मैत्रिणी. मग मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया, ब्लाउज शिवणारी, गिरणीवाला. चाळिसावं नाव सिलिंडर आणून देणाऱ्या पोराचं. तिथून पुढे पेन हलेना. फोन चाळून झाला, लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा काढून झाली. शेवटी ती सासूला म्हणाली, "आई, तुम्ही एवढी वर्षं सांगली पायाखाली घातलीय. तुमच्या ओळखीतली साठ नावं सांगा ना."

शालनताई सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि वरून खाली बोट फिरवत सदतिसाव्या नावावर थांबल्या. ‘हौसाबाई, फुलं.’

"हिला काय विकणार?"

"विकायचं नाही आई, बिझनेसमध्ये घ्यायचं. तिचाही फायदा होईल."

"ते कळलं. हिला विकणार काय?"

वैशाली गप्प झाली. मी तिथेच चहा घेत बसलो होतो. समोरच राहतो मी. जिल्हा न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो, आणि दुपारचा चहा बहुतेक शालनताईंच्या सोप्यातच होतो.

ही गोष्ट २०२२च्या उन्हाळ्यातली. त्याआधीची तीन वर्षं आमच्या गावभागाने कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा संदीपच्या, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याच्या, हरभट रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात वरच्या फळीवरचा मालही भिजला. धुऊन, वाळवून, इस्त्री करून तो मिळेल त्या भावाला विकला. मग कोरोना. मग २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी. दुकानाचं शटर रोज वर जात होतं, पण महिनाअखेरीला हातात काही राहत नव्हतं. मुलगी सई सहावीत. घर सांभाळून महिन्याला चार पैसे मिळावेत एवढंच वैशालीचं म्हणणं होतं. तिला लोभ सुटला होता असं कुणी म्हणू नये. या धंद्यांत शिरणाऱ्या बहुतेक बायका लोभापायी शिरत नाहीत, गरजेपायी शिरतात. म्हणूनच त्यांचं वाईट वाटतं.

मीनल ही तिची कॉलेजातली मैत्रीण. "घरबसल्या करण्यासारखं आहे, तू ये तर खरी," एवढंच फोनवर बोलली. काय आहे ते सांगेना. विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं जमली होती. कोट घातलेल्या एका तरुणाने फळ्यावर एक गोल काढला, त्याखाली दोन, त्याखाली चार. ‘हा तुमचा डावा पाय, हा उजवा. तुम्ही आणायची फक्त दोन माणसं. दोनच!’ जॉइनिंगचं पॅकेज ९,८०० रुपयांचं, त्यात आवळ्याच्या रसाच्या बाटल्या, कसली तरी पावडर आणि एक बॅग. डावी-उजवीकडची जोडी जुळली की ५०० रुपये. आयडी चालू ठेवायची तर दरमहा १,८०० रुपयांचा माल आपण स्वतः घ्यायचा, नाहीतर आयडी लाल होते आणि पेआउट थांबतो. मग त्याने लिज्जतची गोष्ट सांगितली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या आज कुठे पोहोचल्या बघा! टाळ्या पडल्या. नंतर एक बाई स्टेजवर आली आणि "आता घरात मला मान आहे" म्हणताना रडली.

हे रडणं वैशालीच्या मनात रुतलं होतं. घरी येऊन तिने सगळं सांगितलं तेव्हाही ती त्या बाईबद्दलच जास्त बोलली.

शालनताईंनी ऐकून घेतलं. लिज्जतचं नाव निघालं तेव्हा मात्र त्या थांबवून म्हणाल्या, "त्या बायका पापड विकत होत्या गं. बायका नाही विकत."

त्यांनी सईला हाक मारली. परातीतले सोललेले शेंगदाणे तिच्यापुढे ओतले आणि म्हणाल्या, "त्या माणसानं फळ्यावर काढलं तसं इथं मांड. एक, त्याखाली दोन, त्याखाली चार. मी थांब म्हणेपर्यंत."

सई पालथी पडून मांडू लागली. आठ झाले, सोळा झाले. बत्तीसची रांग जोत्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला भिडली. मग तिने मोजले आणि कुणी न सांगताच म्हणाली, "आज्जी, खालच्या रांगेत बत्तीस आहेत आणि वरचे सगळे मिळून एकतीस!"

"पुढची रांग मांडली तर?"

"चौसष्ट. वरचे त्रेसष्ट." तिने थोडा विचार केला. "कायम एकाने जास्तच येणार."

"खालच्यांच्या खाली कोण?"

"कुणीच नाही."

मी कागदावर पुढचं गणित केलं. विसाव्या रांगेला आकडा ५,२४,२८८ होतो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे विसावी रांग भरायला पाळण्यातली पोरं धरूनही तिन्ही गावं पुरणार नाहीत. आणि कुठल्याही रांगेशी थांबा, निम्म्याहून जास्त माणसं त्या शेवटच्या रांगेत उभी असणार, ९,८०० रुपये देऊन, खाली कुणी नसलेली. हे नशिबावर किंवा मेहनतीवर नसतं. ते त्या आकृतीतच असतं. हॉलमध्ये तेवढंच कुणी सांगत नाही. तिथे फळ्यावर तिसऱ्या-चौथ्या रांगेला खडू खाली ठेवतात.

वैशाली म्हणाली, "पण काका, वस्तू तर आहे ना त्यांच्याकडे? नुसते पैसे फिरवत नाहीत."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. घरोघर जाऊन वस्तू विकणं, ओळखीतून विकणं हा गुन्हा नाही. पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८चा आहे. अशी योजना चालवणाराच नव्हे, तर तिच्यात सभासद होणाराही त्यात सापडतो, आणि शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत आहे. थेट विक्रीसाठी मात्र केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियम काढले. ते तेव्हा ताजेच होते. मी ते छापून आणले आणि दोन संध्याकाळी आम्ही सोप्यात बसून वाचले. त्यांत पिरॅमिडची व्याख्या आहे, माणसाखाली माणूस लावून मिळणाऱ्या फायद्याला मनाई आहे. कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायला हवा, पस्तावलेल्याला ठरलेल्या मुदतीत दंडाशिवाय मागे फिरता यायला हवं, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-नंबर उघड लावलेलं हवं आणि तक्रार महिन्याभरात निकाली निघायला हवी. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. कंपनीने मान्य न केलेला दावा मालाबद्दल करायचा नाही. नव्या माणसाच्या गळ्यात पुस्तकं किंवा विक्रीचं सामान मारायचं नाही.

शालनताईंनी सगळं ऐकलं, पण त्यांचं बोट अजून सदतिसाव्या नावावरच होतं.

"वैशाली, तुला माझी पिग्मी माहीत आहे. शेवट माहीत नाही. संदीपलासुद्धा सगळा नाही."

शालनताई एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट होत्या. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, की रोजची किरकोळ रक्कम दारात येऊन गोळा करायची ही पद्धत १९२८मध्ये उडुपीच्या बँकेने सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. आमच्याकडे पतसंस्थांनी ती गल्लीगल्लीत नेली. शालनताई सकाळी गणपती मंदिरापासून निघायच्या, गणपती पेठ, मारुती रोड करून दुपारी परत. खांद्याला खाकी कापडी पिशवी, त्यात पावत्यांचं पुस्तक. फुलवाल्या, भाजीवाल्या, चपला शिवणारे, चहाच्या गाड्या, असे १४३ खातेदार होते. कुणी पाच रुपये, कुणी वीस. हौसाबाई अकरा वर्षं रोज दहा रुपये द्यायची. पुस्तक कधी बघायला मागितलं नाही. मुदत भरली की शालनताई जमा झालेली रक्कम हातात ठेवायच्या, तीही न मोजता कनवटीला लावायची.

२००८च्या दिवाळीनंतर संस्थेने दार बंद केलं. संचालकांनी कर्जं कुणाला दिली होती ते पुढे कोर्टात निघालं. मी त्याच इमारतीत कामाला होतो, तारखा पडताना बघितल्या. एजंटवर कुठलीच जबाबदारी नव्हती. कायद्याने शालनताई साफ मोकळ्या होत्या.

"पण त्यांनी पैसे संस्थेला कुठं दिले होते?" त्या म्हणाल्या. "ऑफिस कुठं आहे तेही निम्म्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला दिले होते."

ज्यांची रक्कम पाच हजारांच्या आत होती अशी एकसष्ट माणसं निघाली. पाटल्या गेल्या, यजमानांच्या ग्रॅच्युइटीतला मोठा भाग गेला, आणि सहा वर्षं हप्त्याहप्त्याने त्या देत राहिल्या. पाच हजारांवरच्यांना देऊ शकल्या नाहीत. त्यातले काही अजूनही रस्त्यात दिसले की त्या पलीकडून जातात.

"हौसाचे चार हजार तीनशे वीस होते. पहिला हप्ता घेऊन गेले. पाचशे रुपये. तिनं हात पुसले, नोटा घेतल्या आणि माझ्यासमोर मोजल्या. मग उलट्या करून परत मोजल्या." शालनताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. "काही चुकलं नाही तिचं. पण पाटल्या मोडताना मला रडू आलं नव्हतं गं. तेव्हा आलं."

त्यांनी वही मिटून वैशालीच्या मांडीवर ठेवली.

"ते लोक तुला ९,८०० मागतायत असं तुला वाटतं. ते ही यादी मागतायत. ते ९,८०० आज ना उद्या तू मिळवशील."

पण त्यांनी नको म्हटलं नाही. वैशाली शिकलेली बाई, घर तिच्यावर चाललेलं. तिला हुकूम देणं शालनताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एकच अट घातली. यादीतल्या एकालाही फोन करायचा नाही. आधी हा रस दहा अनोळखी माणसांना विकून बघायचा. ज्यांना तुझं नाव माहीत नाही, तुझा नवरा माहीत नाही, अशांना. "तिघांनी जरी आपणहून घेतला, तर माझ्याकडची साठ नावं मी स्वतः लिहून देते. ओळखीचं माणूस भिडेनं घेतं. भिडेची विक्री ही विक्री नव्हे."

भीड हा आपल्या माणसांचा मोठा दुबळेपणा आहे. दारात आलेल्या वहिनीला नाही कसं म्हणायचं, मैत्रिणीच्या नवऱ्याचं चाललंय ते वाईट, घेऊया एक. या भिडेवर किती कंपन्यांचे हॉल भरत असतील!

वैशालीने मीनलकडून दोन बाटल्या तात्पुरत्या घेतल्या आणि सलग चार दिवस मिरजेला गेली. मिरज मुद्दाम निवडलं. दवाखान्यांचं गाव, बाहेरून आलेली माणसं पुष्कळ, तिला ओळखणारं कुणी नाही. बाटली ९०० रुपयांची. लोक वाईट वागले नाहीत, बसवून घेतलं, पाणी दिलं. भाव ऐकला की मात्र बाटली परत तिच्या हातात यायची. स्टेशनाजवळ खाणावळ चालवणारी एक बाई म्हणाली, "ताई, आवळे बाजारात काय भावाने मिळतात ते मला माहीत आहे. हे राहू द्या. भांड्यांचं काही चांगलं असलं तर आणा, दिवसाला दोनशे ताटं पडतात माझ्याकडे." औषधाच्या दुकानदाराने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "याने शुगर बरी होते म्हणालात. यावर कुठे लिहिलंय?" बाटलीवर तसं काहीच नव्हतं. ते हॉलमध्ये तोंडी सांगितलं होतं. मधुमेह बरा होतो अशी औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४पासून मनाई आहे, हे त्याने तिला शांतपणे सांगितलं. वैशाली मला म्हणाली, "काका, मला त्याच्या काउंटरवर उभं राहवेना. मी हे वाक्य माझ्या भावाला सांगणार होते. त्याला शुगर आहे."

दहातल्या एकानेही घेतली नाही. पाचव्या दिवशी ती बाटल्या परत द्यायला मीनलकडे गेली.

मीनलचा नवरा कामावर होता. ती चहा टाकायला आत जाता जाता म्हणाली, "ठेव त्या दिवाणात." वैशालीने दिवाणाची फळी उचलली. आत गोधड्या नव्हत्या. रसाच्या बाटल्या होत्या, ओळीने, सतरा. काहींवर मीनलने स्केचपेनने महिना लिहिला होता. जुन्या बाटल्यांची विक्रीची मुदत संपली होती. एका बाटलीचं बूच फुगून सील तडकलं होतं आणि आंबूस वास दिवाणाच्या लाकडात बसला होता.

मीनल चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. मग खाली बसली.

चौदा महिने झाले होते. ९,८०० जॉइनिंगचे. आयडी लाल होऊ नये म्हणून दरमहा १,८०० प्रमाणे २५,२००. एकूण पस्तीस हजार. पेआउट आला होता सगळा मिळून ६,४००. गाडीभाडं, मीटिंगची तिकिटं, ती निराळीच. तिच्याखाली नऊ माणसं होती, त्यात एक सख्खी भावजय. नऊही आता फोन उचलत नव्हती. "तू आली असतीस तर माझी एक जोडी जुळत होती," मीनल म्हणाली, आणि हे बोलताना तिने वैशालीकडे बघितलं नाही. स्टेजवर ती बाई रडली होती ना, तिचं काय? मीनल म्हणाली, "माझ्यावर पण आली होती ती पाळी. अपलाइनने सांगितलं होतं, मनापासून बोल. मी मनापासूनच बोलले. घरी मान नाही हे खरंच होतं."

वैशालीने तो थंड झालेला चहा पूर्ण प्यायला. मग तिने मीनलला आमच्याकडे आणलं. आम्ही कागद बघितले. विनादंड मागे फिरण्याची मुदत कधीच टळली होती, कराराची प्रत तर मीनलच्या हातात कुणी दिलीच नव्हती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं, उत्तर आलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दोन महिने पाठपुरावा केल्यावर शेवटच्या चार सीलबंद बाटल्यांचे ३,६०० रुपये परत मिळाले. बाकीचे गेले. मीनल वैशालीला बरोबर घेऊन नवांपैकी दोघींच्या घरी गेली, समोर बसून माफी मागितली. एकीने पाणी दिलं. भावजयीने दार उघडलं नाही.

वैशालीची गरज मात्र होती तिथेच होती, आणि तिने शोध सोडला नाही. हे मला तिच्यातलं फार आवडलं. एका अनुभवाने पोळलेली माणसं एकतर सगळंच टाकून देतात, नाहीतर दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन बसतात. गल्लीतला एक मुलगा मोबाइलवर जाहिराती बघून पैसे मिळणारी योजना घेऊन आला, जॉइनिंग पाच हजार. "यात वापरणारा कोण?" एवढंच तिने विचारलं आणि त्याला चहा देऊन पाठवलं.

खाणावळवालीचे शब्द तिच्या डोक्यात होते. भांडी घासण्याचं, फरशी पुसण्याचं लिक्विड करणारी एक कंपनी तिला सापडली. तिचा करार तिने माझ्याकडे आणला. जॉइनिंग फी नव्हती. दरमहा अमुक घेतलंच पाहिजे अशी अट नव्हती. न खपलेला चांगला माल परत घेण्याची मुदत लिहिली होती, तक्रार अधिकाऱ्याचा नंबर होता, आणि त्यावर फोन केला तर माणूस बोलला. टीम बांधण्याचा प्लॅन त्यांचाही होता, चार पानांचा, रंगीत. वैशालीने ती पानं टाचणीतून सोडवून बाजूला ठेवली.

मग तीन महिने तिने माल स्वतःच्या घरात वापरला, पूर्ण किंमत देऊन. भांड्यांचं लिक्विड खरंच चांगलं निघालं, थोडं टाकलं तरी पुरायचं. फरशीचं किराणा दुकानातल्यापेक्षा काही वेगळं नव्हतं आणि महाग होतं. ते तिने विकायलाच घेतलं नाही. त्यावर कमिशन जास्त होतं, तरी नाही. पहिला कॅन मिरजेच्या खाणावळीत गेला. त्या बाईने घासाघीस केली, लिटरमागे भाव काढला, आठवडाभर वापरून बघते म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात पैसे पाठवून दुसरा मागवला. "आई, ती मला ओळखत नाही," वैशाली घरात शिरता शिरता म्हणाली. एवढ्या आनंदाने मी तिला फार कमी वेळा बोलताना ऐकलं आहे.

वर्षभरात ती खाणावळ आणि चौदा घरं झाली. महिन्याला दोन हजार, कधी बावीसशे मिळतात. सईची शिकवणी आणि दुकानाचं विजेचं बिल त्यात निघतं. कुणीतरी तिला विचारलं, तुझ्या खाली किती आहेत? तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडून घेणारे पंधरा आहेत."

माल न्यायला पिशवी हवी होती. शालनताईंनी माळ्यावरून ती खाकी पिशवी काढून दिली. दोन पुरांत वर ठेवली म्हणून वाचलेली. बंद नवे लावून घेतले.

गेल्या संकष्टीला मी त्या दोघींबरोबर गणपतीला गेलो होतो. देवळासमोर हौसाबाई नेहमीच्या जागी. आता पुष्कळ म्हातारी झालीय, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते. तिचं नाव वैशालीने यादीतून त्याच दिवशी खोडलं होतं आणि तिला कधी काही विकायला गेली नव्हती. पण महिन्यापूर्वी हौसाबाईनेच पिशवी ओळखून हाक मारली होती, "काय इकतीस गं पोरी ह्यातनं?" आणि एक बाटली घेतली होती.

त्या दिवशी ती म्हणाली, "बाटली बरी हाय तुजी, पर झाकान सैल हुतं. निम्मं पिशवीतच सांडलं."

वैशालीने विचारलं नाही, की घरी नेल्यावर तू आडवी ठेवली होतीस का. ती उकिडवी बसली, खाकी पिशवीतून वही काढली, तारीख घालून बाटलीची नोंद खोडली आणि पैसे मोजून दिले. शंभराच्या दोन, दहाच्या तीन. "दुसरी आणून देते, झाकण बघून. आवडली तर मग पैसे द्या."

शालनताई हाराच्या टोपलीपाशी उभ्या होत्या. दूर्वांची जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली होती. हौसाबाईने ओले हात पदराला पुसले, नोटा घेतल्या, दुमडून कनवटीला लावल्या आणि नातीला म्हणाली, "दोरा ओवून दे गं, आजींचा हार राहिलाय."